न जाळलेला कंदील

टोकियो, २० फेब्रुवारी १९७२

आईस,

तिकडे अजून दारापर्यंत बर्फ असेल. इथे एजन्सीच्या मागच्या गल्लीत प्लमच्या झाडाला कळ्या आल्यात, पण माझ्या खोलीत शेगडी नसल्यानं मला थंडीच काय ती कळते.

आधी चांगली बातमी. मला नवी रेकॉर्ड मिळाली! मागच्या रेकॉर्डचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. रेकॉर्डच्या दुकानांसमोर बिअरच्या उलट्या खोक्यावर उभी राहून मी गळा काढायचे आणि माणसं भाजीच्या पिशव्या सांभाळत पुढे जायची. या वेळी कुसाकाबेसाहेबांनी, म्हणजे माझ्या मॅनेजरनी, सगळंच नव्यानं ठरवलंय. नावसुद्धा. आजपासून फुमिए नागाने ही शिझुका उराबे. गाण्याचं नाव 'बंदरावरची हाक'. वादळात गेलेल्या मुलीला आई धक्क्यावरून हाका मारते, असं गाणं आहे. चाल ऐकलीस तर तूही एप्रननं डोळे पुसशील.

आता दुसरी गोष्ट. ती कशी लिहू कळत नाही म्हणून सरळच लिहिते. साहेब म्हणाले, "आई ठणठणीत असलेल्या मुलीचं रडगाणं कोण विकत घेतं?" तेव्हा छापील माहितीत असं आलंय की माझी आई तोयो या जानेवारीत वारली. मुलीची रेकॉर्ड तिला ऐकायला मिळाली नाही. आता मला एक किसा मावशी तेवढी उरली आहे. नावं खरीच घातलीत. थोडं खरं असलं की पत्रकार फार खोदत नाहीत म्हणे.

मी नाही म्हणाले. साहेब म्हणाले, मग गावी किताउराला परत जा आणि मासळीच्या शेडमध्ये माकुलं चीर. आई, तू रागावलीस तर मी परत येते. खरंच येते. पण एकदा सांग.

फुमिए

---

किताउरा, १ मार्च

फुमी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी स्वतःला चिमटा काढून बघितला. दुखलं. म्हणजे अजून आहे मी.

अगं वेडे, रागवायचं काय त्यात! तुझा बाप समुद्रात गेला तेव्हापासून या गावात मला कुणी विचारलंय का, की तोयो, जिवंत आहेस की मेलीस? आता निदान टोकियोत छापून तरी आलं. किसाला वाचून दाखवलं. ती तुझी मावशी आहे खरी, पण तुझ्या साहेबाला तिनं जे नाव ठेवलं ते मी पत्रात लिहीत नाही, पोस्टमन घरचाच आहे.

परत येऊन काय करणार? माझे हात बघितलेस ना? चार वेळा साबण लावला तरी वास जात नाही. लहानपणी तू शाळेतून येऊन माझे हात हुंगायचीस आणि नाक दाबून ओरडायचीस, आणि ओरडता ओरडताच गायला लागायचीस. तेव्हाच मी ठरवलं होतं, ही पोरगी माकुलांच्या शेडमध्ये बसणार नाही. त्यासाठी एकदा मरावं लागलं तर मरते. स्वस्तात पडलं.

फक्त एक कर. खोलीत शेगडी घे. घसा बसला तर माझं मरण फुकट जाईल.

आई

---

टोकियो, २ जुलै

आईस,

रेकॉर्ड चालली! धावते आहे! बारमध्ये, पाचिंकोच्या जुगारखान्यात, टॅक्सीत, जिथे जावं तिथे मीच. काल एका बाईनं रस्त्यात माझे हात धरले आणि स्वतःच्या आईच्या आठवणीनं हमसून हमसून रडली. मीही रडले. कुणासाठी ते मला सांगता आलं नसतं.

आता जरा ऐक. एका मासिकाला ओबोनच्या दिवसांत आपल्या घरी यायचंय. वर्षभरात मेलेल्या माणसाचा तो पहिला ओबोन, पितर घरी यायचे दिवस, म्हणून त्यांना घराचे फोटो हवेत. साहेबांनी सांगितलेलं लिहिते. देव्हाऱ्यात तुझा फोटो ठेवायचा. त्यापुढे किसा मावशी हात जोडून बसेल. आणि दाराला पांढरा कंदील लागेल, पहिल्या ओबोनला लावतात तसा.

तू त्या दिवशी कुणाकडे तरी जाऊन बस, एवढंच. मला खूप लाज वाटते आहे. सोबत थोडे पैसे पाठवते, कंदील चांगला घ्या.

फुमिए

---

किताउरा, २० ऑगस्ट

फुमी,

झालं बाई तुझं काम! हसून हसून माझं पोट अजून दुखतंय. सविस्तर लिहिते.

आधी किसा. सकाळी आली, काळा किमोनो घालून, केस नीट बांधून. देव्हाऱ्यात माझा फोटो बघितला मात्र, आणि तिनं चपला पायात सरकवल्या. म्हणाली, "धडधाकट बहिणीपुढे मी उदबत्ती लावायची? माझे हात झडतील." मी गयावया केली, तर म्हणे, "एवढी हौस असेल तर तूच बस!" आणि निघाली तरातरा मागच्या दाराकडे. इकडे मासिकवाल्यांची गाडी वळणावर आलेली. मग काय करते? तिचाच काळा किमोनो तिच्या अंगावरून ओढून घेतला, तिला मागच्या दारानं आतल्या कपड्यांवर हाकललं, आणि मीच किसा होऊन बसले.

तर असं झालं, की माझ्याच फोटोपुढे मीच घंटा वाजवली, मीच उदबत्ती लावली आणि मीच हात जोडले. फोटो तोच, गावच्या जत्रेतला, शेजारची माणसं कापून टाकलेला. पत्रकार बाई म्हणाली, "दोघींच्या चेहऱ्यात किती सारखेपणा!" मी म्हटलं, "सख्ख्या बहिणी ना." त्यावर तिचे डोळे भरून आले. देव्हाऱ्यात मेलेल्यांच्या नावाची पाटी तुझ्या बापाची एकटीच, माझी नव्हती, म्हणून ती जरा भिंतीकडे वळवून ठेवली होती. तो आत बसून हसत असेल.

गाव तर काय! मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मुद्दाम आले, माझ्यापुढे वाकले आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "तोयोबाई फार चांगली होती हो. जरा तोंडाळ होती, पण चांगली." मेल्याला मी नंतर गाठलाच.

हात जोडले तेव्हा काय मागावं हे मात्र कळेना. मेलेल्या तोयोसाठी काय मागणार? मग जिवंत फुमीसाठी मागितलं.

आता कंदील. चांगला घेतलाय, खरा कागद, खाली लांब शेपट्या. ओबोन संपला की पांढरा कंदील जाळायचा असतो, तुला माहीत आहे. पितर परत जातात, कंदील जळतो, संपलं. पण मी जाळला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात वर ठेवलाय. किसा ओरडली, अपशकुन म्हणून. मी म्हटलं, अगं, एका माणसाला पांढरा कंदील एकदाच लागतो, आणि मला तो अजून लागायचाय. एवढा महाग कागद वाया कशाला घालवायचा? फक्त एक लक्षात ठेव, फुमी. तुझ्या बापाचा कंदील मी माझ्या हातानं टांगला होता. माझा तू टांगायचास. आता टांगला तो फोटोसाठी होता, तो मोजू नकोस.

आई

---

टोकियो, ५ नोव्हेंबर

आईस,

तुझं पत्र वाचून हसले. ते मासिक सगळीकडे खपलं. तुझा हात जोडलेला फोटो एजन्सीच्या भिंतीवर आहे. खाली लिहिलंय, 'आईच्या मागे आई झालेली मावशी'. मी रोज त्याच्यासमोरून जाते आणि मनातल्या मनात तुला 'येते' म्हणते.

लोक तुझ्यासाठी उदबत्त्या पाठवतात, आई. पेट्याच्या पेट्या. साहेब म्हणाले, गावीच पाठवून द्या.

नवीन वर्षाला येता येणार नाही. हॉटेलांत कार्यक्रम आहेत. पण एप्रिलमध्ये हाचिनोहेला मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे! तुझ्यापासून बसनं तासाभरावर. तू किसा मावशी म्हणून ये. समोरची जागा ठेवू का?

फुमिए

---

किताउरा, १२ डिसेंबर

फुमी,

उदबत्त्या पोचल्या. हे काय गं, मी काय सम्राज्ञी वारले होते? ओसाकाच्या, क्योतोच्या, कुठल्या कुठल्या. घरभर चंदनाचा वास. तुझ्या बापाला रोज लावते. तो हयातीत कधी एवढा मानानं वागवला गेला नव्हता. उरलेल्या देवळात दिल्या. म्हातारा भटजी माझ्या हातून माझ्याच नावाच्या उदबत्त्या घेताना इतका गोंधळला की प्रार्थना विसरला.

कागोशिमाच्या एका बाईनं पत्र लिहिलंय, की ती माझ्यासाठी रोज दिवा लावते. तिची मुलगी लहानपणी गेली. काय उत्तर लिहू? 'मी बरी आहे, काळजी नसावी,' असं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

समोरची जागा नको. मी तिकीट काढून येईन.

माझी तब्येत छान आहे. खाणं जरा कमी केलंय, वय झालं.

आई

---

किताउरा, ३० एप्रिल १९७३

फुमी,

आले, बघितलं, ऐकलं.

वरच्या मजल्यावर, अगदी शेवटच्या रांगेत बसले. तू म्हणालीस ना गाण्याआधी, "आई वरून ऐकते आहे," आणि बोट वर केलंस? अगदी माझ्याकडेच केलंस गं! किसानं मला कोपर मारलं. मी तिला म्हटलं, बघ, पोरगी काही खोटं बोललेली नाही.

तू गायलीस आणि मला वाटलं, ही मी जन्माला घातली? एवढीशी, नाक गळणारी? आजूबाजूला सगळ्या बायका रडत होत्या, म्हणून मलाही मोकळेपणानं रडता आलं. कुणी विचारलं नाही का रडता म्हणून.

मग हात मिळवायच्या रांगेत उभी राहिले. तुझे साहेब शेजारी, एक फोटोवाला पलीकडे. तू माझा हात धरून म्हणालीस, "मावशी, बरं वाटलं आलीस." बरोबर केलंस. तसंच म्हणायला हवं होतं. पण तुझे हात फार गार होते. हातमोजे घालत जा.

मला वाटलं होतं, हात धरल्यावर नाक दाबशील. त्या दिवशी मी शेडवर गेले नव्हते, तीनदा आंघोळ करून आले होते, तरी.

आई

---

टोकियो, ९ जून

आईस,

त्या दिवशी मागे धावत यावंसं वाटलं होतं. रांग फार मोठी होती. रांग नसती तरी आले असते की नाही, मला माहीत नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

पण तू काय सुंदर दिसत होतीस! केवढी बारीक झालीस! किमोनो किती शोभत होता. आमच्याकडच्या गायिका बारीक व्हायला उपाशी राहतात, तू काय करतेस ते मलाही सांग.

रोज वेगळं शहर. रात्री हॉटेलच्या खोलीत मी आरशासमोर उभी राहून 'आई' म्हणून बघते, गाण्यात म्हणते तसं नाही, आपण जेवायला बसताना म्हणायचे तसं. जमेनासं झालंय. गाण्यातलाच सूर येतो.

फुमिए

---

किताउरा, १४ ऑक्टोबर

फुमी,

हे पत्र किसाच्या हातचं आहे, मी सांगते आणि ती लिहिते. माझ्या बोटाला सुरी लागली. काही विशेष नाही. (मी किसा. सुरी लागलेली नाही.) किसा, काय लिहितेस जास्तीचं? काही नाही म्हणते. बरं.

पर्सिमन यंदा भरपूर लागलेत. सोलून दोरीला टांगले. (तिनं नाही, मी टांगले. ती अंथरुणातून सांगत होती.) तुला पाठवते. दाताला चिकटतात, कार्यक्रमाच्या आधी खाऊ नकोस.

ऐकलं की या वर्षअखेरीच्या गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला तुझी निवड होईल. सगळा देश बघतो तो! किसाच्या टीव्हीवर बघू. तेवढं झालं ना फुमी, की माझं सगळं वसूल झालं. त्याच्या आधी इकडे यायचं डोक्यातसुद्धा आणू नकोस. काहीही ऐकलंस तरी. (ये. जमलं तर लवकर ये. मला शपथ घातलीय म्हणून जास्त लिहीत नाही.)

आई

---

टोकियो, २२ नोव्हेंबर

आईस, आणि लिहिणाऱ्या किसा मावशीस,

निवड झाली!! आई, झाली! साहेब रडले. हा माणूस रडू शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

मावशी, तुझे कंसातले टोमणे वाचून फार हसले. तुम्ही दोघी अजून तशाच भांडता. बोटाला लावायला मलम पाठवते आहे, टोकियोत सगळ्या बायका वापरतात. मावशी, तुला माझी आठवण येते म्हणून 'लवकर ये' लिहिलंस ना? मलाही येते.

आई, मी ठरवलंय. हे एक पार पडू दे. मग नवीन वर्षात मी साहेबांना सांगणार, की आता पुरे. माझी आई जिवंत आहे, असं सगळ्यांना सांगणार. लोक रागावतील, रागावू देत. तू फक्त तोवर थांब.

फुमिए

---

हाचिनोहे, २ जानेवारी १९७४

फुमिए,

मी किसा. आज कुणी सांगत नाही, मीच लिहिते. शपथ मोडते.

तुझी आई इथे हाचिनोहेच्या इस्पितळात आहे. पोटात गाठ आहे. कापून उपयोग नाही, उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. दीड वर्षापूर्वीच दुखायला लागलं होतं. "हसून पोट दुखतंय," असं तुला लिहिलं होतं ना तिनं? तेव्हा मी शेजारीच होते. हसत नव्हती ती.

वेळेवर इस्पितळात का नेलं नाही, विचारशील. ऐक. विम्याच्या कार्डावर नाव असतं, तोयो नागाने. तुझ्या मासिकात मेलेल्या बाईचं नाव असतं, तोयो नागाने. ती म्हणायची, तिथल्या नर्सा काय मासिकं वाचत नाहीत? एकीनं जरी ओळखलं तर पोरीचं सगळं जाईल. मी म्हटलं, माझ्या कार्डावर जा. तर म्हणे, खोटं कार्ड दाखवणं गुन्हा आहे. पोटच्या पोरीसाठी मेलेली चालते, पण कार्डाच्या बाबतीत बाई प्रामाणिक! आडगावच्या वैद्याचा काढा पीत बसली. उभं राहता येईना तेव्हा मी आणि चेअरमननी तिला माशांच्या टेम्पोत घालून आणलं.

परवा रात्री वॉर्डात टीव्ही होता. सहा खाटा, सगळ्या बायका उठून बसलेल्या. तू आलीस, निळ्या किमोनोत. निवेदकानं सांगितलं, हिची आई रेकॉर्ड निघण्याआधीच वारली. आख्खा वॉर्ड नाक पुसायला लागला. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी तोयोला म्हणाली, "बिचारीची आई आज असती तर किती खूश झाली असती." तुझी आई म्हणाली, "खूशच असेल हो."

एवढंच म्हणाली. मग तोंडावर पांघरूण घेतलं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले, आणि तुझ्या नावानं बोटं मोडली. देव मला क्षमा करो.

ये. हे पत्र मिळताच ये. एजन्सीत फोन केला तर ते म्हणतात, निरोप देऊ.

किसा

---

किताउरा, १० फेब्रुवारी

फुमिए,

सगळं उरकल्यावर थोडी शुद्धीवर आले, म्हणून लिहिते.

निरोप तुला उशिरा मिळाला, हे मी मानते. तू पोचलीस तेव्हा ती बोलत नव्हती, हा तुझा दोष नाही. रात्रभर तू तिचे हात नाकाशी धरून बसली होतीस, तेही मी पाहिलं.

पण मग सकाळी ती गेली आणि तुझे साहेब आले. फाटकावरच्या अंत्यविधीच्या फलकावर तोयोचं नाव लिहू दिलं नाही, 'नागाने घराणं' एवढंच लिहा म्हणाले. फोटो दुसरा लावला, तो देव्हाऱ्यातला मासिकात छापून गेलाय म्हणून. कॅमेरे आले. आणि तू, तिची एकुलती एक पोर, दुसऱ्या रांगेत भाची होऊन बसलीस. लोकांना वाकून म्हणालीस, "माझ्या मावशीसाठी आलात, आभारी आहे." माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं, माहीत आहे? 'शिझुका उराबेची मावशी किसा यांचं निधन.' मी अंड्यांचं दुकान चालवते गं! गिऱ्हाईक मला बघून दचकतंय. तोयोनं स्वतःचं मरण हसत घेतलं, कारण ती तुझी आई होती. मी तुझी आई नाही. मी हे घेणार नाही. आणि आता मला मारलंस, तर पुढे कुणाला मारणार? तुझ्याकडे दुसरं माणूस उरलेलं नाही.

दहनाच्या भट्टीनंतर चिमट्यांनी हाडं वेचताना आत कॅमेरा नव्हता. तिथे तू पहिलं हाड उचललंस आणि मटकन खाली बसलीस. तेवढ्यासाठी तुला हे पत्र लिहिते आहे. नाहीतर लिहिलंच नसतं.

कंदील कपाटात वर आहे. मी त्याला हात लावणार नाही. तो मी टांगायचा नाहीये.

किसा

---

सेंदाई, २१ जुलै

किसा मावशीस,

तुझ्या पत्राला इतके महिने उत्तर दिलं नाही. काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं. काल केलं.

काल इथे सेंदाईला कार्यक्रम होता. 'बंदरावरची हाक'ची सुरुवात वाजली आणि मी वादकांना थांबवलं. म्हणाले, "माझी आई रेकॉर्डच्या आधी वारली नव्हती. ती या जानेवारीत वारली. मासिकात देव्हाऱ्यापुढे बसलेली होती ती माझी आई तोयो, स्वतःच्याच फोटोला उदबत्ती लावत होती. माझी किसा मावशी जिवंत आहे, अंडी विकते." काही जण हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग कळलं. एक माणूस उठून गेला, मग रांगच्या रांग उठली. पुढच्या बाकावरच्या बाईनं हातातला फुलांचा गुच्छ परत पिशवीत घातला. मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

उरलेल्या माणसांना गाऊन दाखवलं. फार वाईट गायले.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. विंगेत नुसते बसून होते. म्हणाले, "तुझ्या आईला मी उदबत्ती लावली होती, मावशी म्हणून. आता आई म्हणून परत लावायला जाऊ का?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. एजन्सीत मी आता नाही.

पत्रांची रीघ लागेलच. पहिलं तर कार्यक्रमानंतर हातातच आलं. ती कागोशिमाची बाई, आईसाठी रोज दिवा लावणारी, मुलीच्या स्मृतिदिनाला सेंदाईला भावाकडे आली होती. तिनं लिहिलं, 'मी दोन वर्षं एका जिवंत बाईसाठी दिवा लावला, माझी तुम्ही चेष्टा केलीत.' मी तिला लिहिलं, 'तुमचा राग खरा आहे. पण दिवा बंद करू नका. आता तिला खरंच हवा आहे.'

मावशी, मी ओबोनला येते. तू दारात घेतलंस तर घरात, नाहीतर अंगणात. शिडी तेवढी काढून ठेव, माझा हात पोचत नाही.

फुमिए

---

किताउरा, २६ जुलै

फुमिए,

शिडी काढली आहे. पायरी एक मोडकी आहे, सांभाळून चढ.

तुझी गादी उन्हात टाकली.

किसा

---

किताउरा, १३ ऑगस्ट, संध्याकाळ

आईस,

मावशी म्हणते, मेलेल्या माणसाला पत्र कुठे लिहितात? मी म्हटलं, तू जिवंत असताना लोक तुला उदबत्त्या पाठवायचे, मग आता मी पत्र का लिहू नये?

कंदील खाली काढला. वर्तमानपत्र पिवळं पडलंय. कागदाला चंदनाचा वास नाही आई, माकुलांचा आहे. तुझ्याच हातांनी गुंडाळलास ना. मी नाकाला लावला आणि नाक दाबलं नाही. मावशीनं ओरडून खाली बोलावलं, तेव्हाच तो दूर केला.

देव्हाऱ्यात बाबांची पाटी सरळ केली. शेजारी तुझी ठेवली. फोटो तोच, जत्रेतला.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. चेअरमन होते, शेडमधल्या बायका होत्या. एक पत्रकारही आला होता, मी त्याला थांबवलं नाही. मी शिडीवर चढले, मोडकी पायरी सोडून. आधीच्या खिळ्यालाच कंदील टांगला. काडी तीनदा विझली. मावशीनं खालून माझे पाय धरून ठेवले होते. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती.

दिवा लागला. आई, हा फोटोसाठी नाही. हा मोज.

मग मी खाली उतरून फाटकात गेले, धक्क्याकडे तोंड करून. पितरांना घर सापडावं म्हणून हाक मारायची रीत नाही इथे, कंदील असतो त्यासाठी. पण तू दोन वर्षं इथे मावशी होऊन राहिलीस, तुला वाटत असेल, आपल्याला आता कुणी आई म्हणून बोलावणार नाही. म्हणून हाक मारली. मोठ्यानं. गाण्यातला सूर येईल अशी भीती वाटत होती. नाही आला. घसा फाटला, आवाज चिरका निघाला, शाळेतून येऊन भूक लागल्यावर ओरडायचे ना, तसाच.

"आई!"

सगळ्यांनी ऐकलं. तू ये आता. भात लावलाय.

फुमी